जुलाबावर घरात पडलेली मेट्रोजिल घ्यावी का?

प्रश्न असा: कळव्यात राहता, बाहेरचं खाऊन पाण्यासारखे जुलाब लागले, ताप किंवा रक्त नाही. घरातली मेट्रोजिल ४०० दोन दिवस सकाळ-संध्याकाळ घेतली, तोंड कडू पडलंय आणि शनिवारी पार्टी आहे. गोळी चालू ठेवू का?

तुमच्या लक्षणांवर ही गोळी लागतच नाही. असे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे किंवा अन्नातल्या जिवाणूंच्या विषामुळे होतात आणि दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, बहुधा १ लिटरमध्ये, विरघळवा आणि घोट घोट पीत राहा. कमी पाण्यात केलेलं दाट ओआरएस जुलाब वाढवतं. पेज, ताक, मऊ भात चालेल.

मेट्रोनिडाझोल (मेट्रोजिल, फ्लॅजिल) हे जुलाब थांबवायचं औषध नव्हे. ऑक्सिजन नसलेल्या जागी वाढणारे जंतूच त्याचं रूपांतर विषारी रेणूत करतात आणि त्या रेणूमुळे त्यांचा डीएनए तुटतो. म्हणून अमीबा, जिआर्डिया (दोन्ही आतड्यातले परजीवी), योनीमार्गातला ट्रायकोमोनास, हिरड्यांचा पू, आतड्यातले काही जिवाणू यांवर ते छान चालतं. टायफॉइड, लघवीचा साधा संसर्ग आणि विषाणू यांवर शून्य. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा जिवाणूंचा ताप) शंका घेऊन लगेच डॉक्टर गाठा. तिथे मेट्रोजिलमध्ये वेळ दवडू नका.

मुरडा, आव, रक्त असेल तर शौचाची तपासणी करा. पातळ नमुना अर्ध्या तासात लॅबला पोचायला हवा, नाहीतर हलणारा अमीबा मरतो आणि रिपोर्ट खोटाच 'निल' येतो. उलट, रिपोर्टमध्ये फक्त 'सिस्ट' (कवचातला, न हलणारा अमीबा) लिहिलं म्हणजे रोगकारक अमीबाच असं नाही. निरुपद्रवी भाऊबंदाची सिस्ट सूक्ष्मदर्शकात हुबेहूब तशीच दिसते. अमीबा नक्की झाला तर मोठ्यांना साधारण ८०० मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा, ५ दिवस. दाताच्या पुवाला ४०० मि.ग्रॅ. तीनदा, ३ ते ५ दिवस. तुमचा दोनदाचा डोस या दोन्हींत बसत नाही. शिवाय आतड्याच्या पोकळीतल्या सिस्टवर मेट्रोजिल कमजोर पडतं, म्हणून अमीबात त्यानंतर डायलोक्सानाइड ५०० मि.ग्रॅ. तीनदा, १० दिवस देतात. हा दुसरा भाग लोक सोडतात आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मुरडा. ट्रायकोमोनासमध्ये जोडीदारालाही औषध हवं, दोघांनी एकाच वेळी.

तोंडाची लोखंडी चव, मळमळ, लालसर-तपकिरी लघवी हे नेहमीचे त्रास. जेवणानंतर घेतलं की मळमळ कमी होते. पण हातापायाला मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, बोलताना अडखळणं असं काही दिसलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना दाखवा. हे बहुधा लांबलेल्या कोर्समध्ये होतं, आणि दर वेळी पोट बिघडलं की स्वतःच स्ट्रिप घेणाऱ्यांचा एकूण डोस नकळत वाढत जातो.

वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायचं औषध) घेणाऱ्यांचं रक्त याने धोकादायक पातळ होतं, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी चाचणी) तपासत राहावा लागतो. लिथियम, फेनिटॉइन, डायसल्फिराम चालू असेल, यकृताचा गंभीर आजार असेल किंवा गर्भारपण असेल (विशेषतः पहिले तीन महिने), तर डॉक्टरांना आधी सांगा. केमिस्टकडे नुसतं 'पोटाची गोळी द्या' म्हटलं की नॉरफ्लॉक्स किंवा ऑफ्लॉक्स या अँटिबायोटिकसोबतची जोडगोळी हातात पडते. माझ्या मते ती तर सर्वांत आधी नाकारावी.

पाण्याबद्दल एक गोष्ट. सोसायटीच्या टाकीत नेहमीच्या प्रमाणात टाकलेलं क्लोरीन अमीबा-जिआर्डियाच्या सिस्टला पुरत नाही. टँकरचं पाणी असेल तर १ मिनिट खळखळ उकळा.

शनिवारचं म्हणाल तर, दारूसोबत गोळी घेतल्यास चेहरा लाल होणं, उलटी, धडधड होऊ शकते. पुरावा लोक म्हणतात तितका पक्का नाही, पण शेवटच्या गोळीनंतर किमान ४८ तास दारू नको, असाच सल्ला आहे. ७२ ठेवलेत तर आणखी बरं. काही खोकल्याच्या औषधांतही अल्कोहोल असतं, तेही यात धरा.