सारखं तोंड येतं, बी कॉम्प्लेक्स घेऊनही थांबत नाही. नक्की काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दर महिना-दीड महिन्याला ओठाच्या आतून किंवा जिभेखाली पांढरट फोड येतो, आठ-दहा दिवस तिखट लावून घेता येत नाही, बी कॉम्प्लेक्स खाल्लं की बरं वाटतं आणि पुन्हा तेच. घरचे म्हणतात उष्णता, तुम्हाला शंका आहे. मी डॉक्टर नाही, तालुक्याच्या गावात मेडिकल चालवतो. "तोंड आलंय, काहीतरी द्या" हे वाक्य मी रोज ऐकतो.

वर्णनावरून हे अ‍ॅफ्थस अल्सर वाटतात. गोल, मध्ये पिवळट, कडेला लाल, एक सेंटिमीटरपेक्षा लहान. ते ७ ते १४ दिवसांत आपले आपण भरतात आणि एकाचे दुसऱ्याला होत नाहीत. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या बाहेरच्या कडेला पाणी भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका येतो, तो हर्पिस या विषाणूचा. तो मात्र उष्ट्या-खरकट्यातून पसरू शकतो.

आता बी कॉम्प्लेक्स. जखम आठवड्या-दोन आठवड्यांत भरणारच असते, त्यामुळे त्या दिवसांत जे घेतलं त्याला श्रेय मिळतं: गोळीला, तुपाला, जाईचा पाला चघळण्याला. पाला खुशाल चघळा, मीही चघळतो. पण तुमचा त्रास वारंवारचा आहे, म्हणून रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी १२ आणि फॉलिक अ‍ॅसिड. शाकाहारी माणसात बी १२ कमी सापडणं नेहमीचंच. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा रोज उपाशीपोटी घ्यायची अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तरीही ते घटतं. गोळ्या घेत असताना रक्त दिलं तर बी १२ चा आकडा फुगलेला येऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना तसं आधीच सांगा.

रक्त ठीक निघालं तर तोंडातच शोधा. किरलेला दात, बसवलेल्या दातांची टोचणारी कड, कडक ब्रश. फोड दर वेळी त्याच जागी येत असेल तर मला आधी दाताचाच संशय येईल. टूथपेस्टला फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट काहींना सोसत नाही. ते नसलेली पेस्ट दोन महिने वापरून बघा. जागरण, परीक्षा, पाळी, सिगारेट सोडल्यानंतरचे दिवस, या काळातही फोड उठतात. शरीराच्या उष्णतेचं म्हणाल तर तसं काही मोजता येत नाही, त्यावर घरच्यांशी वाद घालत बसू नका.

औषधांपैकी एक सांगितलंच पाहिजे. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट देतात, ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून ती रोज घेतली गेली की तोंड सोलवटून निघतं, आणि ती धोक्याची पहिली खूण असते. घरात कोणी ही गोळी घेत असेल आणि तोंड आलं तर मलम लावत न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

फोड असेपर्यंत कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरा. दूधभात, मऊ खिचडी चालेल. ठेचा, शेव, चिवडा, अननस नको. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश दात घासल्याबरोबर वापरू नका, पेस्टमुळे तो निकामी होतो. अर्धा तास जाऊ द्या. फार दिवस वापरला तर दातांवर तपकिरी डाग पडतात. बधिर करणाऱ्या जेलने जेवणापुरता आराम पडतो. मात्र कोलीन सॅलिसिलेटची जेल १६ वर्षांखालच्या मुलांना लावू नका. मोठ्यांची जेल लेकराला लावणारे बरेच भेटतात. ट्रायमसिनोलोनची चिकट पेस्ट जास्त उपयोगी, पण ते स्टेरॉइड आहे, चिठ्ठीशिवाय मागू नका. डॉक्टरांनी दिलीच तर जागा स्वच्छ कापसाने टिपून कोरडी करा, झोपताना पातळ थर टेकवा, चोळू नका. फोड उठतोय असं जाणवताच लावली तर जास्त फायदा होतो.

तुम्ही तंबाखूबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो: तंबाखू, मिश्री, सुपारी, गुटखा यातलं काही आहे का? महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी गालात पुडी धरलेली माणसं माझ्या काउंटरवर येऊन मलम मागतात. साधा फोड ठणकतो. कॅन्सरची जखम सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, म्हणून माणूस महिनोन्‌महिने काढतो. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, कडक लागणारी कड, न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ, यातलं काहीही असेल तर दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. सुपारी खाणाऱ्याला तिखट लागताच आग होत असेल आणि तोंडात आपली तीन बोटं उभी मावत नसतील, तर ते तोंड येणं नव्हे. आतली त्वचा आखडत चालली आहे, सुपारी आजच बंद करून तपासून घ्यायला हवं.

तोंडाबरोबर गुप्तांगावरही फोड येत असतील, डोळे लाल होत असतील, वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर फिजिशियनना दाखवा. जाताना सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं तोंडपाठ सांगण्याच्या भानगडीत पडू नका.