पुरस्कृत म्हणजे बक्षीस मिळालेले नव्हे

न्यू जर्सीत रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. मोठ्या वर्गातल्या मुलांसाठी अमेरिकेतल्या शाळा आणि प्रार्थना यांवरच्या खटल्यांचे मराठीत टिपण करायचे आहे. सरकारने ‘एंडॉर्स’ केलेली प्रार्थना याला त्यांनी ‘शासनपुरस्कृत प्रार्थना’ असे लिहिले, तर घरातूनच आक्षेप आला की पुरस्कृत म्हणजे पुरस्कार मिळालेली. यंत्राला विचारले तर त्याने ‘सरकारने पृष्ठांकित केलेली प्रार्थना’ असे दिले. बरोबर काय? आणि चर्च व स्टेट यांच्या ‘सेपरेशन’ला काय म्हणावे: विभाजन, विलगीकरण की फारकत?

‘शासनपुरस्कृत’ बरोबर आहे, खुशाल लिहा. आक्षेप घेणाऱ्यांना एवढेच विचारा, की बातमीत ‘पाकपुरस्कृत दहशतवाद’ वाचताना त्यांच्या डोळ्यांपुढे शाल-श्रीफळ येते का? नगरपालिकेच्या निवडणुकीत अमुक पक्षाचा ‘पुरस्कृत अपक्ष’ उभा राहतो, त्याला कोणी चषक दिलेला नसतो. पक्षाने त्याला पुढे केलेले असते. मराठीत हा अर्थ आजही ठणठणीत आहे. हिंदीच्या शेजारामुळे मात्र ‘पुरस्कृत लेखिका’, ‘पुरस्कृत चित्रपट’ असे निवेदकांच्या तोंडी सर्रास बसले आहे आणि दर संमेलनात ते ऐकून माझे कान किटतात. ‘पुरस्कारप्राप्त’ म्हणायला दोनच अक्षरे जास्त लागतात. संस्कृतातही ‘सन्मानित’ असा अर्थ आहे, असे पत्र कोणीतरी धाडणारच. आहे. मानाच्या माणसाला पुढे बसवतात, म्हणून आहे.

‘पृष्ठांकित’ने मात्र मला मनापासून हसवले. यंत्राची चूक तशी खानदानी म्हणायला हवी. बँकेत धनादेशाच्या पाठीवर सही करतात त्याला आपल्या कार्यालयीन मराठीत पृष्ठांकन म्हणतात, आणि ‘एंडॉर्स’ या शब्दाच्या पोटात पाठच आहे. लॅटिन ‘डॉर्सम’ म्हणजे पाठ. इंग्रजांनी कागद उलटा करून पाठीवर संमती लिहिली, आपण माणूस किंवा मत उचलून पुढे ठेवले. इंग्रजीतली पाठ आणि मराठीतले पुढे यांचा अर्थ शेवटी एकाच ठिकाणी येतो. शिवाय आपल्याकडे पाठीचेही शब्द आहेतच: पाठिंबा, पाठबळ, पाठराखण. पण ते देणारा मागे उभा असतो. पुरस्कार करणारा वस्तू सगळ्यांच्या नजरेपुढे आणतो. सरकारी प्रार्थनेच्या वादात नेमके हेच ‘पुढे आणणे’ आक्षेपार्ह ठरते, म्हणून ‘शासनाचा पाठिंबा असलेली प्रार्थना’ असेही लिहू नका. ‘शासनमान्य’ तर मुळीच नको. त्याने रेशनच्या दुकानाची पाटी आठवते.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे ‘पुरस्’. पुरस् म्हणजे पुढे, समोर. पुरस्कार, बुद्धिपुरस्सर, हेतुपुरस्सर, जपाचे पुरश्चरण, पुरोगामी ही सगळी त्याची पिल्लावळ. आणि याच घरातला थोरला मुलगा आहे पुरोहित! पुरस् अधिक हित. हा ‘हित’ म्हणजे कल्याण नव्हे. ‘धा’ धातूचे ते भूतकाळवाचक रूप आहे, अर्थ ‘ठेवलेला’. पुढे ठेवलेला तो पुरोहित. सरकारने पुरस्कृत केलेली प्रार्थना आणि ती म्हणणारा पुरोहित, दोघेही एकाच ‘पुरस्’चे. मराठीत हा विषय मांडताना भाषेनेच अर्धे काम करून ठेवले आहे.

इथे काही व्याख्याते हटकून आडवे येतात. ‘पुराचे, म्हणजे नगराचे, हित पाहतो तो पुरोहित’ असे ते टाळ्या घेत सांगतात. अहो, पुर अधिक हित याचे ‘पुरहित’ होईल. मधला ओकार काय यजमानाने दक्षिणेत दिला? अस्-चा ओ होतो तो पुढे मृदू व्यंजन आल्यामुळे, मनोहर आणि यशोधरा यांत होतो तसा. व्युत्पत्ती सुविचारासारखी गोड लागली की तिच्याकडे संशयाने पाहावे. वेदांतल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काने आपल्या निरुक्त या ग्रंथात चार शब्दांत निकाल लावून ठेवला आहे: ‘पुरोहितः पुर एनं दधति’. त्याला पुढे ठेवतात, म्हणून पुरोहित.

यास्क हे कुठे सांगतो ते पाहा. देवापी आणि शंतनू या दोन भावांच्या कथेत. शंतनू धाकटा, पण राज्याभिषेक त्याने स्वतःला करवून घेतला आणि देवापी तपाला गेला. मग शंतनूच्या राज्यात बारा वर्षे पाऊस पडला नाही. ब्राह्मणांनी त्याला सुनावले की थोरल्याला डावलून तू अधर्म केलास. शंतनू राज्य परत द्यायला निघाला, तर देवापी म्हणाला, राज्य नको, मी तुझा पुरोहित होतो आणि तुझ्यासाठी यज्ञ करतो. ते पावसाचे सूक्त ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 98वे आहे. राजाने एकाला पुढे बसवून राज्यासाठी केलेली ही प्रार्थना. शासनपुरस्कृत प्रार्थनेचे याहून चोख उदाहरण कुठले द्यायचे?

हे पुराणातले वांगे नाही. 13 नोव्हेंबर 2007 रोजी अटलांटात, जॉर्जियाच्या विधिमंडळाबाहेर, खुद्द राज्यपाल सनी पर्ड्यू यांनी दुष्काळात पावसासाठी जाहीर प्रार्थना घडवली होती. 2011 साली टेक्सासचे राज्यपाल रिक पेरी यांनी पावसाच्या प्रार्थनेसाठी एप्रिलमधले तीन दिवस अधिकृतपणे जाहीर केले. मुलांना सांगताना एक खुलासा करा: तिथला राज्यपाल लोकांनी निवडून दिलेला असतो, आपल्या राजभवनातल्यासारखा दिल्लीने नेमलेला नसतो. म्हणजे हे शंतनूच. देवापीला न बोलावता स्वतःच पुढे बसलेले.

आता माझे सर्वांत लाडके सूत्र. पुरस् अधिक कार याचे ‘पुरःकार’ का झाले नाही? अंतःकरणात विसर्ग टिकतो, मग इथे स् कसा टिकला? पाणिनीने आठव्या अध्यायात (8.3.40) खास नियम केला आहे: ‘नमस्पुरसोर्गत्योः’. फक्त दोन शब्दांसाठी, नमस् आणि पुरस्. नमस्कार आणि पुरस्कार! सबंध भाषेतून त्याने एका दोरीत बांधायला हेच दोन निवडले, एक प्रार्थनेचा आणि एक पुढे करण्याचा. याहून मजा पुढे आहे. हा नियम लागायला शब्दाला ‘गती’ ही संज्ञा (क्रियापदाला जोडून येणाऱ्या काही शब्दांना पाणिनी देतो ते नाव) मिळावी लागते. पुरस्-ला ती ‘पुरोऽव्ययम्’ या सूत्राने नित्य मिळते, नमस्-ला साक्षात् वगैरे शब्दांच्या गणात, म्हणजे यादीत, असल्यामुळे विकल्पाने. म्हणून ‘नमस्करोति’ म्हणा नाहीतर ‘नमः करोति’, दोन्ही चालते. ‘पुरस्करोति’ला मात्र पर्याय नाही. थोडक्यात, नमस्कार ऐच्छिक आणि पुरस्कार नित्य.

हसू नका, 1962 सालचा एंगेल विरुद्ध व्हिटाले हा खटला याच सूत्राभोवती फिरतो. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षणमंडळाने 22 इंग्रजी शब्दांची एक प्रार्थना रचली होती. सर्वशक्तिमान देवा, आम्ही तुझ्यावर अवलंबून आहोत, आमच्यावर, आईवडिलांवर, शिक्षकांवर आणि देशावर कृपा कर, एवढाच तिचा आशय. कुठल्या पंथाचे नाव नाही, आणि ज्याला नको असेल त्याने म्हणू नये अशी सवलत. शासनाचा बचाव हाच की नमस्कार ऐच्छिक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी 6 विरुद्ध 1 मताच्या निकालात तो मानला नाही. मुलाने म्हणावे की न म्हणावे हे ऐच्छिक असेल, पण सरकारने ती पुढे ठेवली हे काही ऐच्छिक नव्हते. (काटेकोर व्हायचे तर ही प्रार्थना पुरस्कृतच्याही पुढची, ‘शासनप्रणीत’ म्हणायला हवी, कारण मसुदाच सरकारचा. आणि 1983 च्या खटल्यात नेब्रास्काच्या विधिमंडळातल्या पुरोहिताला सरकारी तिजोरीतून पगार होता, तिथे ‘प्रायोजित’ शोभेल. ती प्रथा न्यायालयाने जुनी परंपरा म्हणून राहू दिली. एरवी ‘प्रायोजित’ टीव्हीवरच्या मालिकांसाठी ठेवा.)

घरच्या आक्षेपकर्त्यांना पुरोहिताचा ‘हित’ पुन्हा दाखवा. हे कर्मणी रूप आहे. पुरोहित स्वतः पुढे जात नाही, कोणीतरी त्याला ठेवतो. जो आपल्या पायांनी पुढे जातो त्याला शब्द आहे पुरोगामी. आपल्या भाषणांत पुरोगामी आणि पुरोहित एकमेकांचे वैरी असतात, पण व्याकरणात फरक एवढाच: चालणारा आणि ठेवलेला. अमेरिकेतले निकाल या फरकावर लावून पाहा. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या एका शाळेत पदवीदान समारंभाला मुख्याध्यापकांनी रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, बोलावले आणि प्रार्थना कशी असावी याची पुस्तिकाही हातात दिली. हा अक्षरशः पुरोहित, शाळेने पुढे ठेवलेला. 1992 साली 5 विरुद्ध 4 मतांनी ते घटनाबाह्य ठरले. 2022 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनचा फुटबॉल प्रशिक्षक आला. तो सामना संपल्यावर मैदानाच्या मध्यरेषेवर गुडघे टेकायचा. सहा न्यायमूर्ती म्हणाले, हा माणूस आपल्या मनाने गेला. तिघांचे म्हणणे, त्याच्या अंगावर शाळेचे पद आहे, तो शाळेचाच. माझ्या भाषेत, सहांना तो पुरोगामी दिसला आणि तिघांना पुरोहित.

त्याच निकालात एंडॉर्समेंटची कसोटीही मोडीत निघाली, हे टिपणात घाला. ती 1984 मध्ये न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी मांडली होती: सरकारने एका धर्माला पुढे केले की इतरांना आपण इथले पूर्ण नागरिक नाही, उपरे आहोत, असा निरोप जातो. एकाला पुरस् ठेवले की बाकीचे आपोआप मागे. पुरस्-चा याहून चांगला अर्थ मी कुठल्या कोशात पाहिलेला नाही, आणि ओकॉनरबाईंना संस्कृताचा गंध असण्याचे कारण नव्हते.

आपल्याकडेही नमस्काराचा वाद कोर्टात गेला आहे. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला, त्यावरून त्याची वरची वेतनश्रेणी अडवली गेली, आणि 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ‘नमः करोति’ न करण्याचाही विकल्प असतो, हे पाणिनीने सांगितले नव्हते, उच्च न्यायालयाने सांगितले.

‘पुढाकार’ राहिलाच की! हा माझा जुना तर्क आहे आणि तो मी सोडणार नाही: पुढाकार हा पुरस्काराचा देशी जुळा भाऊ आहे. पुरस् म्हणजे पुढे, कार तसाच. शब्दाची घडणच हुबेहूब. ‘पुढे अधिक आकार’ असे फोडून ‘पुढे येऊन कामाला आकार देणे’ असा अर्थ काही जण काढतात, ती निव्वळ कविता आहे. आकार देण्याशी पुढाकाराचा संबंध नाही. पुढाकार घेऊन कामाचा विचका करणारे ढीगभर पुढारी आपण पाहतो. फरक एवढाच, की पुरस्कार दुसऱ्याचा करायचा असतो आणि पुढाकार स्वतः घ्यायचा. ‘सरकार’मधला फारसी ‘कार’ही संस्कृत ‘कृ’चा दूरचा भाऊबंद आहे, म्हणजे ‘सरकारपुरस्कृत’ या एका शब्दात करणे दोनदा येते. ‘शासनपुरस्कृत’पेक्षा मला तोच जास्त आवडतो.

दुसरा प्रश्न? फारकत लिहा. फारकत लग्न झालेल्यांची होते आणि इथे लग्न झालेले होते. व्हर्जिनियात अँग्लिकन चर्च 1786 पर्यंत राज्याचे अधिकृत चर्च होते, कनेक्टिकटमध्ये अधिकृत चर्च 1818 पर्यंत आणि मॅसॅच्युसेट्समध्ये 1833 पर्यंत टिकले. जेफरसनने ज्या पत्रात दोघांमधल्या भिंतीची प्रतिमा वापरली, ते 1 जानेवारी 1802 चे पत्र कनेक्टिकटमधल्याच डॅनबरीच्या बॅप्टिस्ट या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना होते. त्या बिचाऱ्यांना दुसऱ्याच्या चर्चचा जाच रोजचा होता. विलगीकरण करोनाच्या रुग्णाचे करतात. ‘स्टेट’ला नुसते ‘राज्य’ म्हणालात तर न्यू जर्सीतली मुले आपलेच राज्य समजतील, तेव्हा ‘शासनसंस्था’ लिहा. आणि ‘शासन पुरस्कृत’ असे तोडून लिहू नका. तो समास आहे.