पोट आत गेलं म्हणजे योग झाला का?

जून जवळ आला की योगाविषयीचे प्रश्न वाढतात. यंदा ‘कोणतं आसन करू’ यापेक्षा ‘हे सगळं कशासाठी’ असं विचारणारे वाचक जास्त निघाले. त्यांचेच प्रश्न इथे घेतले आहेत, नावं मुद्दाम गाळून.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी वर्गाला जातो. पोट आत गेलं, साखर आटोक्यात आली. मुलगा म्हणतो, ‘बाबा, हा व्यायाम आहे, उगाच योग म्हणू नका.’ त्याला काय सांगू? (जुळे सोलापूर)

मुलाचं निम्मं तरी बरोबर आहे, त्याच्यावर चिडू नका. पतंजलींच्या योगसूत्रांचे चार पाद, म्हणजे प्रकरणं, आहेत आणि सूत्रं दोनशेच्या आत. त्यातली थेट आसनावरची फक्त तीन. योग म्हणजे काय हे मात्र दुसऱ्याच सूत्रात सांगून टाकलंय : योगश्चित्तवृत्तिनिरोधः. चित्तात सतत ज्या वृत्ती उठतात त्या आवरणं. या वृत्ती पाच : प्रमाण (खरं ज्ञान), विपर्यय (चुकीचं ज्ञान), विकल्प (नुसती शब्दांतली कल्पना), निद्रा, स्मृती. म्हणजे यात खरं ज्ञानही आलं आणि झोपही आली. ‘वाईट विचार घालवा’ एवढ्यापुरता हा मामला नाही.

आवरून मिळवायचं काय? पुढची दोन सूत्रं तेच सांगतात. वृत्ती थांबल्या की पाहणारा आपल्या मूळ रूपात राहतो. एरवी तो त्या वृत्तीसारखाच होऊन बसतो. शेजाऱ्यानं तुमच्या दारात गाडी लावली. राग आला. तासाभरानं गाडी गेली, पण तुम्ही दुपारपर्यंत रागच होऊन बसला होता. राग येतोय हे तेव्हाच्या तेव्हा दिसणं, आणि आपण त्याहून वेगळे आहोत हे कळणं, ही या वाटेची सुरुवात. गीतेच्या सहाव्या अध्यायात तर दुःखाशी जडलेला संबंध तुटणं यालाच योग म्हटलंय. तेव्हा मुलाला सांगा, आसनं हा त्यातला एक भाग आहे आणि मी तो करतोय. आणि साखरेचा रिपोर्ट लॅबमधून आणता तसा स्वभावाचा रिपोर्ट कधीतरी घरच्यांकडून मागून बघा. सूनबाई खरं सांगतील.

प्रश्न : ताई, माझी आई लग्न झाल्यापासून विड्या वळते. दिवसभर मांडीवर सूप. पाठ, मान, बोटं सगळं दुखतं. वर्गात नेलं तर तिथंबी मांडी घालूनच बसवलं. ती हसून म्हणाली, ‘मी तर जन्मभर आसनातच हाय.’ तिला योगाचा काय उपयोग? (विडी घरकुल)

आईंचा टोला अचूक आहे. ‘स्थिरसुखमासनम्’ असं सूत्र आहे. स्थिरही हवं आणि सुखाचंही. आईंच्या बसण्यात स्थिरपणा पुरेपूर आहे, सुख नाही. मान खाली, खांदे पुढे आलेले, पाठीला बाक, आणि डोक्यात आजच्या हजार विड्या पुऱ्या व्हायची काळजी. त्याच्या पुढचं सूत्र प्रयत्न सैल सोडायला सांगतं, आणि त्यांच्या अंगाला नेमकं तेच ठाऊक नाही. म्हणून त्यांना मांडी घालायला लावूच नका. दिवसभर जे केलं त्याच्या उलट करू द्या. तासाभरानं सूप बाजूला ठेवून उठायचं, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि दोन्ही हात सावकाश वर ताणायचे. बोटं पूर्ण उघडायची, मिटायची. रात्री पालथं झोपून मकरासन, जमेल तेवढंच भुजंगासन. शेवटी उताणं होऊन, गुडघ्यांखाली चादरीची घडी ठेवून शवासन. चादर तर आपल्या गावात घरोघरी सापडते!

श्वासाचं काहीही करायचं तर तंबाखू ठेवलेल्या खोलीत नको. हात धुऊन दारात किंवा गच्चीवर, मोकळ्या हवेत. बोटांना मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. ते आसनावर निभावून नेऊ नका.

आता उपयोगाचं. पान कातरणं, तंबाखू भरणं, वळणं, दोरा बांधणं हे त्यांचे हात आपसूक करतात, आणि मन तेवढा वेळ उसनवारी आणि तुझ्या लग्नात फिरत असतं. डोळे मिटून पंधरा मिनिटं श्वास नुसता बघत बसलं तर ते फिरणं निदान दिसायला लागेल. मजुरी त्यानं वाढणार नाही आणि तसं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. एक काम तुझ्याकडे : त्या पंधरा मिनिटांत आईला कोणी हाक मारायची नाही, आणि भाकरी तू थापायच्यास.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी योगानं बंद करता येते का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि रक्तदाब असताना शीर्षासन तर नकोच.

प्रश्न : मी मुस्लिम आहे, शाळेत शिकवते. २१ जूनला मुलांकडून सूर्यनमस्कार घ्यावे लागतात. ॐ आणि सूर्यनमस्काराशिवाय योग अपुरा राहतो का?

नाही. ही विद्या भारतीय परंपरेतून आली, प्रणवाचा म्हणजे ॐचा जपही योगसूत्रांतच सांगितलाय. ते लपवण्यात अर्थ नाही. पण चित्त स्थिर करायला तिथे एकच वाट सांगितलेली नाही. मैत्री-करुणेची भावना आहे, श्वास सोडून थांबणं आहे, आणि शेवटी ज्याला जे रुचेल त्याचं ध्यान, इथपर्यंत मोकळीक आहे. सूर्यनमस्कारांचं म्हणाल तर हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात पंधरा आसनं वर्णिली आहेत, त्यांत हा क्रम नाही. शाळाशाळांतून त्यांचा प्रसार झाला तो विसाव्या शतकात; औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा त्यात मोठा वाटा. तुम्ही ताडासन, वृक्षासन आणि दोन मिनिटं शांत बसणं घ्या. कोणाही मुलावर सक्ती नको. योगाचं पहिलं अंग यम, आणि यमात पहिली अहिंसा. तिथूनच मोडतोड करून पुढचं काय शिकवणार?

प्रश्न : सिद्धरामेश्वरांना आपण शिवयोगी म्हणतो. ते कोणती आसनं करत असतील? (भवानी पेठ)

यात्रेत नंदीध्वजांपुढे उभं राहून हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून मला तो फार आवडला. सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या, बाराव्या शतकातल्या या योग्याची ओळख आसनांनी नव्हे, कामानं आहे : तळं, मंदिर, लोकांची सोय. त्यांची कन्नड वचनंही ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रेनं, म्हणजे वचनात येणाऱ्या सहीसारख्या नावानं, ओळखली जातात. परंपरा असं सांगते की, वचनकार संत अल्लमप्रभू इथे आले तेव्हा त्यांनी या तळ्याच्या कामावरूनच सिद्धरामांना डिवचलं. बाहेर एवढं खणतोयस, आत काय? मग अल्लम त्यांना कल्याणला (आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण) बसवण्णांकडे घेऊन गेले.

मला यात सोलापूरचा योग दिसतो. गीता कर्मातल्या कौशल्याला योग म्हणते, समत्वालाही म्हणते. काम तर आपल्याकडे सगळेच करतात, रगडून करतात. ते करताना ‘मी केलं’ हा दर्प किती उरला, हा अल्लमांचा प्रश्न. लोकांनी तळं खोदायचं सोडून द्यावं, असं त्यातून काढू नका. पाणी लागतंच, आणि आपल्याला तर फारच.

प्रश्न : अक्कलकोट रोडला यंत्रमागावर रातपाळी करतो. सकाळी येऊन ध्यानाला बसलो की डोळा लागतो, नाहीतर कानात मागाचा खडखडाट. मी यासाठी नालायक आहे का?

तुम्ही थकलेले आहात, एवढंच. अति झोपणाऱ्याला योग साधत नाही तसा अति जागणाऱ्यालाही नाही, हे गीतेनं स्पष्ट म्हटलंय. म्हणून पाळीवरून आल्यावर बसूच नका. हात-पाय धुवा, खोलीत अंधार करा, झोपा. बसायचं ते संध्याकाळी, कारखान्याला निघण्याआधी, रिकाम्या पोटी, भाकरी नंतर. खडखडाट आलाच तर घालवायला जाऊ नका, तो ऐकत श्वास एक ते दहा मोजा. आकडा चुकला की पुन्हा एकपासून. दहा मिनिटं पुरे. सुट्टीच्या दिवशीही वेळ तीच ठेवा. मेच्या उन्हात पत्र्याखाली बसायचं नाही, अंगणात बसा.