पीसीओएस: डाएट की हार्मोनच्या गोळ्या, आणि घरातलं भांडण

माझ्याकडे पीसीओएसवाल्या (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे हार्मोनच्या गडबडीमुळे पाळी लांबते, नको तिथे केस येतात तो आजार) मुली पाळीसाठी येत नाहीत, पाळीसाठी गायनॅक आहेत, त्या येतात घरात रोज जी कटकट चालू असते तिच्यासाठी. आणि प्रश्न जवळपास ठरलेला, "मॅडम, नुसत्या डाएटनी होईल ना बरं? त्या गोळ्या नकोतच." कधी मुलगी विचारते, कधी आई. मी आधी हे बघते की विचारतंय कोण, कारण दोघींच्या मनातली भीती वेगळी असते.

एक केस सांगते, ओळख लागू नये म्हणून थोडे डिटेल्स बदललेत. कोथरूडची मुलगी, 26 वर्षांची, हिंजवडीत आयटीत. चार महिने पाळी नाही, हनुवटीवर केस, वजन 70 च्या आसपास, वडिलांना शुगर. डॉक्टरांनी प्रेग्नन्सी टेस्ट, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी सगळं करून पीसीओएस सांगितलं, आधी पाळी आणायला थोडे दिवसांचा कोर्स दिला आणि मग 21 दिवस गोळी 7 दिवस गॅप असं सहा महिने लिहून दिलं. हिनी घरी काही सांगितलंच नाही. आईला पाकीट सापडलं ते लॅपटॉपच्या बॅगेतून डबा काढताना, त्यांनी त्याचा फोटो काढला, नाव गूगल केलं आणि पहिलाच शब्द आला गर्भनिरोधक. पुढचं काय ते मी सांगायला नको.

तर गोळ्या बंद, आणि डाएट सुरू. डाएट म्हणजे इन्स्टाग्रामवरच्या कुठल्यातरी बाईंचं, गहू बंद, दूध बंद, भात बंद, संध्याकाळी सातच्या आत जेवण. आता हिंजवडीतून साडेसातला निघालेली मुलगी चांदणी चौकातून घरी पोचते नऊला, ती सातला जेवणार कुठे? दुपारी डब्यात काकडी नि मूग, आणि रात्री कंपनीच्या गेटबाहेर गाडीवर दोन वडापाव, ते पण उभ्या उभ्या, भराभर, कोणी ओळखीचं बघत नाहीये ना हे बघत. हे तिनी मला सांगितलं तेव्हा आईला बाहेर बसवलं होतं. पीसीओएस असणाऱ्यांमध्ये असं उपाशी राहणं आणि मग तुटून पडणं बरंच दिसतं, त्यामुळे मी वजन विचारायच्या आधी हेच विचारते, की लपून खातेस का गं.

मग दोघींना एकत्र बसवलं. म्हणलं गोळी आणि डाएट दोन्ही बाजूला ठेवा, मला फक्त सांगा, या आजारातली कुठली गोष्ट तुम्हाला सगळ्यात जास्त छळते. आई म्हणाल्या, "लग्न व्हायचंय हो तिचं. या गोळ्यांनी पुढे मूलच झालं नाही तर?" मुलगी बराच वेळ गप्प, मग म्हणाली, हनुवटी. दर आठवड्याला थ्रेडिंग, मीटिंगला कॅमेरा बंद. आणि तिच्या डॉक्टरांची काळजी तिसरीच होती, चार महिने पाळी नाही म्हणजे गर्भाशयाचं आतलं अस्तर नुसतं वाढत बसतं, वर्षानुवर्षं असं राहिलं तर त्यातून पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणजे माणसं तीन, काळज्या तीन, आणि भांडण मात्र एकाच पाकिटावरून!

काकूंना म्हणलं, गोळीनी वंध्यत्व येत नाही. ती चालू आहे तोवर बीजांड बाहेर पडत नाही, बंद केली की शरीर आपल्या आधीच्या चालीवर येतं, आणि हिची चाल मुळात अनियमित आहे म्हणून बंद केल्यावर पाळी परत लांबते, मग लोक म्हणतात गोळीनी बिघडवलं. मूल हवं असेल तेव्हा बीजांड तयार व्हायची वेगळी औषधं आहेत, पीसीओएसवाल्या कितीतरी जणींना मुलं होतात. पण हेही सांगितलं की गोळीवर महिन्याच्या महिन्याला येतं ती खरी पाळी नाही, गोळी थांबल्यामुळे होणारं ब्लीडिंग आहे. अस्तराला संरक्षण मिळतं, टेस्टोस्टेरॉनचा जोर कमी होतो म्हणून केस आणि मुरमांना फरक पडतो (केसांना सहा महिने तरी धीर धरावा लागतो), पण मूळ आजार तिथेच असतो.

आणि डाएट? इन्सुलिन नीट काम करत नाही म्हणून शरीर ते जास्त बनवतं, ते जास्तीचं इन्सुलिन ओव्हरीला टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं, बऱ्याच जणींमध्ये मूळ गडबड ही आहे, आणि तिथे गोळी फारशी पोचत नाही, तिथे खाणं आणि व्यायाम पोचतो. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांचं 5 ते 10 टक्के उतरलं तरी पाळीत फरक पडू शकतो, म्हणजे हिच्यासाठी साडेतीन किलोपासून सुरुवात. बारीक मुलींनाही पीसीओएस असतो, त्यांना उठसूट वजन कमी कर सांगणं मला तरी क्रूर वाटतं. आणि 2023 च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइननुसार अमुक एकच डाएट पीसीओएससाठी भारी असा पुरावा नाही, त्यामुळे गहू दूध सरसकट बंद करायचं काही कारण नव्हतं.

एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) 5.9 आलं, म्हणजे शुगर उंबरठ्यावर, आणि याच आकड्यामुळे काकू खाण्याबद्दल जरा वेगळं बोलायला लागल्या. पोळी परत आली, दोनच, सोबत उसळ किंवा अंडं. चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी हा मोठा वाद झाला, शेवटी वरी आणि दाण्याची आमटी यावर तोडगा निघाला. ऑफिसात सहाला डब्यातलं काहीतरी पोटभर, म्हणजे रात्री गाडीवर थांबावं लागत नाही. शनिवार-रविवार तळजाई टेकडी, मायलेकी दोघी.

गोळी तिनी परत सुरू केली, ते तिचं आणि तिच्या डॉक्टरांचं ठरलं, मी लिहून देणारी नाही. बीपी नॉर्मल, सिगारेट नाही, घरात रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास नाही. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं अशी मायग्रेन असेल तर ही गोळी चालत नाही, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, बऱ्याच मुली सांगतच नाहीत. ज्यांना चालत नाही किंवा नकोच असते त्यांना अस्तरासाठी नुसत्या प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधांचा ऑप्शन असतो, तेही विचारा. कुठलंही औषध न घेता डाएटच करून बघायचं असेल तर तेही डॉक्टरांना सांगून करा, आणि पाळी तीन महिन्यांवर गेली तर वाट बघत बसू नका.

आता घरात नवीन विषय आहे. स्थळ आलंय, पीसीओएस सांगायचं का आणि कोणी. काकूंचं म्हणणं आत्ताच नको, मुलगी म्हणते पहिल्याच भेटीत मीच सांगणार. मी मुलीच्या बाजूची आहे आणि तसं काकूंना सांगितलंय.