अबिटूरचे गुण अमेरिकेला कोण समजावणार?

जर्मनीत गिम्नाझियममध्ये, म्हणजे अबिटूर या शालान्त परीक्षेपर्यंत नेणाऱ्या शाळेत, शिकणाऱ्या मुलांचं अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करायचं ठरलं, की घरात आधी सॅट या प्रवेशपरीक्षेची चर्चा सुरू होते. ती हवीच. एमआयटी, हार्वर्ड, ब्राउन, डार्टमथ यांनी सॅट किंवा तिच्यासारखीच एसीटी पुन्हा सक्तीची केली आहे. पण या मुलांचे अर्ज अडतात ते शाळेच्या गुणपत्रिकेपाशी, आणि तिच्याकडे सप्टेंबर उजाडेपर्यंत कुणाचं लक्षच जात नाही.

ओबरश्टूफेत, म्हणजे गिम्नाझियमच्या शेवटच्या वर्गांत, गुण १५ पैकी मिळतात. ११ गुण म्हणजे जर्मन हिशेबात ‘२’, अर्थात ‘चांगला’. आता ११ भागिले १५ करा: ७३ टक्के. अमेरिकेत ७३ म्हणजे जेमतेम ‘सी’. खालच्या वर्गांतल्या श्रेणीचं तर उलटंच. तिथे १ सर्वोत्तम आणि ६ सर्वात वाईट, उलट अमेरिकेत ४ च्या मापावर १ म्हणजे काठावरचा विद्यार्थी. म्हणून पालक स्वतः बसून टक्केवारी किंवा जीपीए (४ च्या मापावरची अमेरिकी सरासरी) काढतात, आणि इथेच चूक होते. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठीच्या सामाईक ऑनलाइन अर्जात, शाळा जीपीए देत नसेल तर तो रकाना रिकामा सोडायचा. वर्गातला क्रमांक नसेल तर ‘नाही’ म्हणायचं. घरी काढलेला आकडा शाळेच्या कागदाशी जुळला नाही, तर शंका मुलावरच येते.

हे समजावण्याचं काम शाळेचं आहे, ‘स्कूल प्रोफाइल’ नावाच्या एक-दोन पानी कागदातून. अमेरिकी शाळांकडे तो तयार असतो. जर्मन शाळेने त्याचं नावही ऐकलेलं नसतं, त्यामुळे त्यात काय हवं ते तुम्हालाच सांगावं लागेल: १५ गुणांची मोजपट्टी शब्दांतल्या अर्थासह, उत्तीर्ण व्हायला ५ गुण लागतात हे, अबिटूरचा एकूण निकाल ९०० पैकी असतो, त्यातले ६०० शेवटच्या दोन वर्षांतल्या चार सहामाहींचे आणि ३०० अंतिम परीक्षांचे, ८२३ पासून पुढे १.० म्हणजे सर्वोत्तम निकाल मिळतो. शाळेत कोणते लाइस्टुंग्सकुर्स (वरच्या पातळीचे विषय) मिळतात आणि कोणते मिळतच नाहीत, हेही लिहायला सांगा. भौतिकशास्त्राचा वरचा अभ्यासक्रम शाळेतच नसेल, तर तो न घेतल्याचा ठपका मुलावर येत नाही. आणि सगळ्यात कामाची ओळ: मागच्या दोन-तीन वर्षांत शाळेचा सरासरी निकाल किती होता आणि १.५ किंवा त्याहून चांगला किती जणांना मिळाला. तुमच्या मुलाचा १.४ किती मोठा, हे त्या ओळीशिवाय परक्या माणसाला कळायचं कसं?

कॉमन ॲपमध्ये ‘काउन्सेलर’, म्हणजे शाळेच्या वतीने कागद पाठवणारा समुपदेशक, लागतोच. जर्मन शाळेत असं पद बहुधा नसतं. ओबरश्टूफेचे समन्वयक किंवा मुख्याध्यापक चालतात. पत्ता शाळेचा अधिकृत ई-मेल हवा, खासगी नको. त्यांना शाळेचा अहवाल, गुणपत्रिका, मध्यावधीचा अहवाल आणि निकालानंतर अंतिम अहवाल, असं चार वेळा काम पडतं. पहिल्या भेटीतच ही यादी हातात द्या, नाहीतर फेब्रुवारीत ‘पुन्हा काय?’ ऐकावं लागतं. ही भेट उन्हाळ्याच्या सुट्टीआधी घ्या. बव्हेरियात शाळा सप्टेंबरच्या मध्यावर उघडते आणि लवकरच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर असते. मधे उरतात सहा-सात आठवडे.

शिक्षकांच्या शिफारसपत्रांचा सूर हा नाजूक विषय. जर्मन शिक्षक मनापासून खूश असला तरी ‘विश्वासार्ह, नियमित, सरासरीपेक्षा वर’ एवढंच लिहितो. अमेरिकेतल्या वाचकाला ते थंडगार वाटतं. शिक्षकाला विशेषणं सुचवू नका. मुलाने कोणता प्रकल्प केला, वर्गात कोणता प्रश्न विचारला, कुठे अडखळून पुन्हा उभा राहिला, याचं एक पान जर्मनमध्ये द्या. पत्र वाचायचा हक्क सोडल्याच्या रकान्यात खूण करायची, आणि ‘काय लिहिलंत?’ विचारायला आईबाबांनी जायचं नाही. (हे आपल्याला जड जातं खरं.)

गुणपत्रिका शेवटच्या चार वर्षांच्या लागतात. मूल नववीत पुण्याहून किंवा नाशिकहून आलं असेल, तर तिथल्या शाळेचीही शिक्क्यासह हवी. भारतातली शाळा बदलताना हा कागद मागून ठेवला नसेल, तर आजीआजोबांना खेटे घालावे लागतात. जर्मन कागदांबरोबर इंग्रजी भाषांतर जोडा. शाळेने शिक्का मारून केलेलं चालतं की शपथबद्ध भाषांतरकार लागतो, ते प्रत्येक विद्यापीठाच्या सूचनांत पाहा.

नावाचा घोळ आपल्याकडचा खास. पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव, जर्मन गुणपत्रिकेवर दोन्ही मिळून पहिलं नाव, सॅटला वडिलांचं नाव गायब. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नोंदवा आणि शाळेकडून गुणपत्रिका वेळीच दुरुस्त करून घ्या.

भारतीय पासपोर्ट असेल तर राहता कुठेही, गणना आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांत. आर्थिक मदत मागितल्याने अशा विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर परिणाम होत नाही अशी विद्यापीठं मोजकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट आणि आणखी काही. मूल अमेरिकेत जन्मलेलं आणि तिथलं नागरिक असेल, तर जर्मनीत शिकूनही मदतीसाठी ते तिथलंच धरलं जातं.

मराठी शाळेत शनिवारी शिकवत असाल, ढोल पथकात असाल, तर ते अर्जातल्या दहा उपक्रमांच्या यादीत टाका. प्रत्येकाला १५० अक्षरं मिळतात. ‘युगेंड फोर्श्ट’सारख्या विज्ञानस्पर्धेची पातळी, म्हणजे विभाग, राज्य की देश, त्यातच सांगून टाका.