गॅल्व्हेस्टनच्या उथळ पाण्यात रेडफिश

प्रश्न: आम्ही दोघं ह्यूस्टनला असतो, वीकेंडला गॅल्व्हेस्टनला किनाऱ्यावरून गळ टाकतो पण रेडफिश काही लागत नाही, बोटीशिवाय मिळतो का?

उत्तर: अहो मिळतो की! ताई, बहुतेकजण गळ जमेल तितका लांब फेकतात आणि मासा असतो पायाशी, गुडघाभर पाण्यात, म्हणून आधी खाडीच्या बाजूला जा आणि पाणी वाहतं असताना म्हणजे भरती चढताना नाहीतर उतरताना गवताच्या कडेला, कालवांच्या खडपांजवळ नुसतं बघत उभं राहा. चिखलातला खेकडा उकरताना रेडफिश डोकं खाली घालतो आणि शेपूट पाण्याबाहेर हलते, शेपटीजवळचा काळा ठिपका दिसला की ओळख पटली. तेव्हा थेट डोक्यावर गळ टाकू नका, बिचकतो, थोडा पुढे टाका. आमिषाला ताजी कोळंबी किंवा खेकड्याचा तुकडा, बोयही चालते.

पाण्यात उतरलात तर पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला कारण तळाशी पाकट असतो आणि त्याचा काटा फार वाईट, हे दोघांनीही पाळाच.

लायसन्स दोघांचं वेगळं, त्यावर खाऱ्या पाण्याची परवानगी हवीच. टेक्सासमध्ये साधारणपणे 20 ते 28 इंच लांबीचाच ठेवायचा, माणशी दिवसाला 3, छोटा लगेच सोडा. घरी खवलं न काढता फिले (मधला काटा काढून दोन बाजूंचे तुकडे) करा आणि खवल्यांची बाजू खाली ठेवून ग्रिलवर भाजा, वरून लसूण-लिंबू, मस्त लागतो.