आत्याला गावाला पाठवण्याआधी

प्रिय नवलेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. वाहिनीने तुझ्या मालिकेच्या भागामागची रक्कम कमी केली, त्यामुळे जत्रेचा ट्रॅक (उपकथानक) रद्द झाला, बाहेरचे चित्रीकरण महिन्यातून दोन दिवसांवर आले आणि आता आत्याच्या पात्राला ‘गावाला पाठवा’, म्हणजे मालिकेतून काढा, असा निरोप आला आहे, हे वाचून मन खट्टू झाले. असल्या काटकसरीने प्रेक्षकाला खरोखर काही फरक पडतो का, असे तू विचारतेस. फार मोठा फरक पडतो, पण तो कोठे पडतो हे सेटवर रोज उभ्या असणाऱ्यांनाही पुष्कळदा कळत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी एक गोष्ट समजून घे. ही तंगी तुझ्या एका मालिकेपुरती नाही. मालिकेचा खर्च मुख्यतः जाहिरातींतून निघतो. नियमाप्रमाणे तासाला बारा मिनिटांपलीकडे जाहिराती दाखवता येत नाहीत, तेव्हा उत्पन्न वाढायचे तर जाहिरातीचा दर वाढावा लागतो, आणि जाहिरातदार तर मोबाइलकडे वळला आहे. 2024 साली भारतात डिजिटल माध्यमांनी उत्पन्नात टीव्हीला मागे टाकले. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्टार आणि वायकॉम 18 यांचे विलीनीकरण झाले आणि स्टार प्रवाह व कलर्स मराठी या दोन्ही वाहिन्या एकाच छपराखाली आल्या. मराठी मालिका विकत घेणारी मोठी दारे मुळातच मोजकी होती. त्यांतले एक कमी झाले की निर्मात्याला रकमेसाठी ताणून धरता येत नाही, आणि त्याच्यावर आलेला दाब शेवटी तुझ्या टेबलावर येऊन पडतो.

आता मुख्य मुद्दा. पैसा कमी झाला की साड्या, झुंबरे आणि वाड्याची रंगरंगोटी कमी होईल, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात सर्वांत आधी वेळ जातो. सेटचे भाडे, दिवे, कॅमेरे, जेवण आणि रोजंदारीवरचे कामगार हा खर्च दिवसाच्या हिशेबाने चढतो, म्हणून निर्माता साहजिकच एका दिवसात जास्त मिनिटे चित्रित करू पाहतो. बारा तासांच्या शिफ्टमध्ये जेथे एक भाग निघत असे, तेथे दीड भाग मागितला जातो. मग तालीम संपते. कलाकार मेकअपच्या खुर्चीत बसून संवाद वाचतो, दिग्दर्शक एक मास्टर, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र टिपणारा शॉट, घेऊन थेट चेहऱ्यांच्या क्लोजवर जातो, आणि ज्या दोन कलाकारांच्या तारखा जुळत नाहीत त्यांचे भांडण फोनवर उरकले जाते. मिनिटे भरून काढण्यासाठी जुने प्रसंग पुन्हा दाखवले जातात, एका वाक्यावर सहा चेहरे संगीतासह फिरवले जातात. घरी बसलेल्या माणसाला तारखा आणि शिफ्ट ठाऊक नसतात. तो एवढेच म्हणतो, की ‘मालिकेत पाणी घालायला लागले.’ त्याचे निदान अगदी बरोबर असते.

काही वर्षांपूर्वी मी एका मालिकेसाठी लग्नाचा प्रसंग लिहिला होता. चाळीस माणसांचा मांडव, अंगणात पंगत, आणि नवऱ्या मुलीचा रुसलेला काका ऐन अंतरपाटाच्या वेळी दारात येऊन उभा राहतो, असा. चित्रीकरणाच्या आदल्या संध्याकाळी माणसे बारावर आली, पंगत गेली. मी मान डोलावली आणि रात्री प्रसंग पुन्हा लिहिताना काकालाही काढून टाकले, कारण त्याचा एक दिवस वाचत होता. तो भाग लागला त्या दिवशी कऱ्हाडहून माझ्या आईचा फोन आला. मांडव लहान होता, फुले कागदी होती, याबद्दल ती एका शब्दाने बोलली नाही. ‘काका आले नाहीत का रे लग्नाला?’ एवढेच तिने विचारले. तीन महिने ती त्या समेटाची वाट पाहत होती. माणसे बारा होती हे तिला चालले, कारण बाराजणांतही अंतरपाट धरता येतो. पण कथेने दिलेला शब्द मोडलेला तिला चालला नाही. तो शब्द वाहिनीने मोडला नव्हता, निर्मात्यानेही नाही. तो मी मोडला होता.

म्हणून खर्चाला कात्री लागेल तेव्हा कशाला हात लावायचा नाही, हे तू आधी ठरवून ठेव. निर्मिती व्यवस्थापकाशेजारी एक दिवस बसून हिशेब समजून घे. त्यात लेखकाला कमीपणा मुळीच नाही. कोणता कलाकार दिवसावर आहे, कोणाला महिन्याचे किती दिवस बांधून दिले आहेत, दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात युनिट हलवायला किती वेळ जातो, हे ठाऊक असेल तर तुला नुसता नकार न देता पर्याय पुढे ठेवता येईल. आत्याचे सगळे प्रसंग एका सेटवर आणून महिन्यातून दोन दिवसांत घेता येतात. जत्रा दाखवता येत नसेल तर तिथून परतलेली पोर ओसरीवर धुळीचे पाय धुते आणि ओढणीच्या गाठीतून बत्तासे काढून आजीच्या हातावर ठेवते, एवढे दाखव. पाळणे आणि गर्दी प्रेक्षक आपल्या मनाने उभी करील. मात्र कथेचे वळणच जत्रेत येणार असेल, तर तो एक दिवस हट्टाने माग आणि त्या बदल्यात दुसरीकडचे तीन प्रसंग स्वतःहून काढून दे.

या ठिकाणी तुला हमखास जुन्या दूरदर्शनचा दाखला दिला जाईल. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, तेथे तुटपुंज्या पैशांत उत्तम कामे झाली, तुम्हाला का जमत नाही, असे कोणीतरी म्हणेल. ही तुलना मला मान्य नाही. तेरा भागांची, आठवड्याला एक भाग दाखवणारी मालिका आणि आठवड्याला सहा भाग देणारी दैनंदिन मालिका यांत पैशापेक्षा वेळेचा फरक मोठा आहे. तेव्हा पैसा थोडा होता, पण तालमीला सवड होती. ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेने तीन हजारांहून अधिक भाग केले. त्या वेगाने चालणाऱ्या कामाला जुन्या साधेपणाचे धडे देण्यात अर्थ नाही. म्हणून भागांची बँक कधीही रिकामी होऊ देऊ नकोस. हाताशी दहा भाग लिहून तयार असतील तर खर्च कमी करतानाही विचार करता येतो. पाने सकाळी सेटवर पोहोचू लागली की विचार कोणी करायचा?

तंगीचा आणखी एक परिणाम आहे, तो सावकाश होतो. हात आखडला की वाहिनी धोका पत्करत नाही, आणि दुसऱ्या भाषेत चाललेली कथा घेणे सुरक्षित वाटते. ‘आई कुठे काय करते’ ही मालिका बंगाली ‘श्रीमोयी’वरून आली आणि ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून, दोन्हींना मराठी प्रेक्षकांनी मनापासून आपले मानले, तेव्हा अशा रूपांतराला मी नावे ठेवणार नाही. चिंता एवढीच, की नवी कथा रुजायला जे चार-सहा महिने लागतात ते आता मिळत नाहीत. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे (टीआरपीचे) आकडे येतात, आणि आकडा खाली गेला की प्रेक्षकाला पात्रांची नावे पाठ होण्याआधीच मालिकेची वेळ बदलते किंवा ती गुंडाळली जाते. अशा दोन-तीन मालिका अर्ध्यावर तुटल्या की तो नव्या मालिकेत जीव गुंतवायलाच कचरतो. कमी झालेल्या रकमेची ही खरी किंमत आहे, आणि ती कोणत्याही ताळेबंदात लिहिली जात नाही.

तुझ्या स्वतःच्या पैशांबद्दल थोडे. या धंद्यात मानधन नव्वद दिवसांनी मिळण्याची जुनी रीत आहे, आणि तंगीत ते दिवस वाढत जातात. भागामागचा दर, श्रेयनामावलीतले नाव आणि मालिका अचानक थांबली तर लिहून दिलेल्या पानांचे काय, हे सर्व कागदावर घे. तीन महिन्यांचे घरभाडे बाजूला ठेवल्याशिवाय नोकरी सोडू नकोस.

आत्याचा निर्णय सोमवारच्या बैठकीत आहे, असे लिहितेस. तिच्या पुढच्या चार भागांतले सगळे प्रसंग स्वयंपाकघरात आणून, दोन दिवसांच्या तारखांत बसवून, रविवारी रात्रीपर्यंत मला पाठव. मी जागाच असेन.

तुझा,
दादा